भूल दिल्यावर अंग गार का पडते?
पुनावळे-ताथवड्याकडच्या रुग्णालयांत ऑपरेशननंतर कुडकुडणारा पेशंट पाहिला, की नातेवाईक म्हणतात, ‘थिएटरचा एसी फार होता.’ एसीचा वाटा असतोच. पण पहिल्या तासात तापमान एक-दीड अंशाने उतरते, ते मुख्यतः भुलीमुळे.

गाभ्याचे तापमान (हृदय, मेंदू अशा आतल्या अवयवांचे) साधारण 37 अंश सेल्सियस असते. एरवी गारठ्यात हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ऊब आत राहते. पूर्ण भूल हा बंदोबस्त सैल करते. मधले दार उघडताच माजघराची ऊब गार ओसरीवर पसरावी, तसे होते. ही ऊब आतल्या आतच सरकते, म्हणून नंतर घातलेली घरची चादर फारशी कामाची नाही. त्यापेक्षा भुलीआधी अर्धा तास हातपाय उबदार करणे आणि ऑपरेशनभर गरम हवेचे पांघरूण (यंत्राने गरम हवा भरलेली पातळ गादी) वापरणे बरे.

तापमान 36 च्या खाली गेले, की त्याला हायपोथर्मिया (शरीर प्रमाणाबाहेर थंड होणे) म्हणतात. त्यात रक्तस्राव वाढू शकतो आणि औषधांचा अंमल लांबतो. 1996 च्या एका गाजलेल्या अभ्यासात थंड पडलेल्या 19 टक्के रुग्णांच्या जखमा चिघळल्या, उबदार ठेवलेल्यांपैकी 6 टक्क्यांच्याच. 2022 च्या मोठ्या चाचणीत मात्र 35.5 आणि 37 अंशांवर ठेवलेल्या रुग्णांत लक्षणीय फरक दिसला नाही. तेव्हा नेमक्या 37 चा हट्ट नको. तापमान मोजत राहणे आणि फार घसरू न देणे पुरेसे.