बारा अक्षरं गळाली तेव्हा

बेथेस्डाचे गिल्बर्ट अ‍ॅशवेल आणि न्यूयॉर्कचे अनातोल मोरेल यांना 1960 च्या दशकात कोलेस्टेरॉलशी काही देणंघेणं नव्हतं. रक्तात तांबं वागवणारं सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन किती काळ टिकतं, एवढंच त्यांना बघायचं होतं. या प्रथिनाच्या अंगावर शर्करांच्या साखळ्या असतात आणि साखळीच्या टोकाला सियालिक आम्ल. किरणोत्सारी खूण चिकटवायची म्हणून त्यांनी ते टोक छाटलं आणि प्रथिन सशाला टोचलं. एरवी दिवसचे दिवस रक्तात फिरणारा ऐवज काही मिनिटांत गायब! सापडला तो यकृतात.

टोक गेल्यावर खालची गॅलॅक्टोज ही शर्करा उघडी पडली होती. ती हेरणारा रिसेप्टर यकृताच्या पेशींवर दाटीवाटीनं बसलेला असतो. तोही शर्करा ल्यालेलं प्रथिनच. जुनी झालेली प्रथिनं आत ओढून मोडीत काढायची, हे त्याचं काम. रक्तातला भंगारवालाच म्हणा ना.

हृदयविकाराच्या चर्चेत त्याचं नाव आलं ते थेट 2016 मध्ये. या रिसेप्टरचा मुख्य भाग बनवणाऱ्या एएसजीआर1 जनुकातली डीएनएची 12 अक्षरं गळालेली माणसं आइसलँडच्या डीकोड जेनेटिक्सला सापडली. 120 जणांत साधारण एक. त्यांचं नॉन-एचडीएल, म्हणजे लिपिड प्रोफाइलमधल्या एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा जाता उरतं ते, डेसिलिटरमागे जेमतेम 15 मिलिग्रॅमनं कमी होतं. हृदयधमन्यांच्या आजाराचा धोका मात्र 34 टक्क्यांनी घटलेला. कोलेस्टेरॉलच्या त्या घसरणीवरून एवढा फरक कुणी धरला नसता.

2022 मध्ये वुहान विद्यापीठातल्या संशोधकांनी हे जनुक नसलेले उंदीर तपासले. त्यांचं यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडत होतं आणि ते विष्ठेवाटे बाहेर पडत होतं. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधं नळ बारीक करतात. इथे मोरीचं भोक मोठं झालं.

गंमत म्हणजे औषधवाल्यांनी याच भंगारवाल्याला हमाल केलं आहे. सुरुवातीचे डोस झाले की सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या इन्क्लिसिरान इंजेक्शनात आरएनएचा तुकडा असतो आणि त्याला गॅलॅक्टोजच्या भाऊबंदांतल्या शर्करेचे तीन रेणू जोडलेले असतात. जुना माल समजून रिसेप्टर तो आत नेतो. मग पीसीएसके9 हे प्रथिन बनणं मंदावतं आणि एलडीएल कोलेस्टेरॉल निम्म्यापर्यंत उतरतं.

आइसलँडच्या त्या नशीबवानांच्या रक्ततपासणीत एक आकडा मात्र चढा निघतो, अल्कलाइन फॉस्फटेजचा. एरवी तो बघून यकृत बिघडलंय की काय, अशी शंका येते. इथे यकृताचा दोष नसतो. फॉस्फटेज हेही शर्करा ल्यालेलं प्रथिन, आणि ते उचलणारे हात कमी पडलेले.