जुनी व्हीटेक घेताय? आधी हे पाहा

सुप्रा किंवा आरएक्स-7 सारखी जुनी स्पोर्ट्स कार जपानमधून मागवायचा विचार सोडा. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात सहसा आयात करता येत नाही. आपल्याकडची खरी जुनी जपानी मर्दुमकी म्हणजे 2003 पर्यंत विकली गेलेली होंडा सिटी 1.5 व्हीटेक. ताकद 106 अश्वशक्ती, वजनाला हलकी. इंजिनाचे फेरे चढले की व्हीटेकचा आवाज पालटतो, तो एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही.

गाडी सकाळी, इंजिन थंडगार असताना बघा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागा; नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. मग भर दुपारी सोलापुरातल्या नवी पेठेच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चालवा आणि तापमानाचा काटा पाहत राहा. इथल्या उन्हात कमकुवत रेडिएटर तिथेच उघडा पडतो. मुंबई-कोकणातली गाडी असेल तर खालून गंज तपासाच.

चासी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. वीस वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. मालकी हस्तांतराच्या फॉर्म 29 आणि 30 वर विक्रेत्याची सही झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमाही खरेदीपासून 14 दिवसांत नावावर करून घ्या.