आरसा गेला, भिंगे राहिली

वीरगळ, गद्धेगाळ, मोडी कागद आणि जुनी नाणी यांच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाला कॅमेरा हौसेसाठी लागत नाही. दगडावरचे कोरीव काम झिजते, कोणी भाविक त्यावर तैलरंग फासतो, रस्ता रुंद होताना शिळा हलवली जाते; पुढच्या खेपेला ती जागेवर सापडेलच असे नाही. मग आपण काढलेले छायाचित्र हाच काय तो पुरावा उरतो. तो धूसर असला, तर अक्षर 'म' की 'स' यावर वर्षानुवर्षे वाद घालता येतो. पण विद्यापीठाबाहेर राहून हे काम करणाऱ्याला अनुदान नसते. लेन्सवर गेलेला रुपया एसटीच्या भाड्यातून वजा होतो. म्हणून आरशाचा जुना कॅमेरा सोडून बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्याकडे जाताना मी जी आकडेमोड केली, ती येथे मांडतो.

दुकानात चर्चा होते ती बॉडीची, मेगापिक्सेलची. खरा प्रश्न असतो माउंटचा, म्हणजे लेन्स ज्या कड्यात बसते त्या कड्याचा. या कड्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक प्रणालीत पक्के ठरलेले असते. लेन्स त्या अंतराच्या हिशेबानेच घडवलेली असते. एसएलआर कॅमेऱ्यात मध्ये आरसा असायचा आणि त्याला वर उचलायला जागा लागायची, म्हणून हे अंतर मोठे ठेवावे लागे. १९५९ साली आलेल्या निकॉनच्या एफ माउंटचे अंतर ४६.५ मिमी आहे. प्रॅक्टिका वगैरे कॅमेऱ्यांच्या आट्यांच्या एम४२ माउंटचे ४५.४६, तर कॅननच्या ईएफचे ४४. आरसा गेला आणि हे आकडे एकदम खाली आले : कॅनन आरएफ २० मिमी, सोनी ई १८, निकॉन झेड १६.

या वजाबाकीतच आपल्यासारख्यांचा फायदा दडलेला आहे. निकॉनची जुनी एफ लेन्स झेड बॉडीवर लावायची तर ४६.५ वजा १६, म्हणजे ३०.५ मिमी जाडीची पोकळ नळी मध्ये हवी. तिच्यात काच नाही, म्हणून प्रतिमेच्या दर्जात काही बिघडत नाही. उलट एम४२ची लेन्स निकॉनच्या जुन्या एसएलआरवर लावायची म्हटली, तर जोडकडे शून्याहून पातळ हवे! ते शक्य नाही; मग मध्ये जादा काच घालावी लागते, नाहीतर दूरचे काही फोकस होत नाही. कॅननने १९८७ साली एफडी माउंट सोडून ईएफ आणला तेव्हा नेमके हेच झाले. एफडीचे अंतर ४२ मिमी, नव्याचे ४४. दोन मिलिमीटरांनी चांगल्या चांगल्या लेन्सेस अडगळीत टाकल्या. पुढे बिनआरशाचे कॅमेरे आले आणि त्याच लेन्सेसना पुन्हा मागणी आली.

पोकळ नळीने प्रतिमा येते, स्वयंचलित फोकस येईलच असे नाही. येथे खरेदीपूर्वी थोडा अभ्यास हवा. कॅननच्या ईएफ लेन्सेस पहिल्यापासून विजेवर चालणाऱ्या, त्यामुळे कंपनीच्या जोडकड्याने त्या आरएफ बॉडीवर नीट चालतात. निकॉनच्या ज्या लेन्सेसमध्ये स्वतःची मोटर आहे, त्या एफटीझेड या जोडकड्यावर फोकस करतात. बॉडीतल्या मोटरने फिरणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्सेस करत नाहीत. त्यांचे कडे हाताने फिरवायचे. पक्षी टिपणाऱ्याला हे परवडणार नाही. माझा वीरगळ आठशे वर्षे जागचा हललेला नाही, तो आणखी अर्धा मिनिट थांबतो. शिवाय नव्या कॅमेऱ्यात प्रतिमा मोठी करून अक्षराच्या कडेवर फोकस पाहता येतो. चष्मा लागलेल्या माणसाला आरशाच्या कॅमेऱ्यात ही सोय त्या इवल्याशा खिडकीतून कधी मिळाली नव्हती.

आता लेन्स कोणती? आधी आपल्याच संगणकावरची मागच्या वर्षाची छायाचित्रे उघडावीत. प्रत्येक फायलीत फोकल लेंग्थ नोंदलेली असते, ती मोजावी. माझी बहुतेक ३५ ते ६० मिमीच्या दरम्यान निघाली. जी ७०-३०० झूम मी वर्षभर खांद्यावर वाहत होतो, तिने काढलेली दखल घेण्याजोगी चित्रे बोटांवर मोजण्याइतकी होती, तीही शिखरावरच्या मूर्तींची.

५० मिमी, एफ १.८ ही लेन्स सगळ्या कंपन्यांकडे स्वस्त असते, आणि स्वस्त म्हणून ती हलकी मानू नये. तिची रचना झाइसच्या पॉल रुडॉल्फने १८९६ साली केलेल्या प्लानार या जवळजवळ सममित भिंगरचनेतून आलेली आहे. तिच्यावर शंभराहून अधिक वर्षे काम झालेले आहे. आरशासाठी सोडायच्या जागेचा तिला त्रास नाही, कारण तिची फोकल लेंग्थच त्या अंतराएवढी आहे. २० किंवा २४ मिमीच्या लेन्सला मात्र आरसा चुकवण्यासाठी उलट्या दुर्बिणीसारखी रचना करावी लागते, काचा वाढतात आणि किंमतही. म्हणून जुन्या बाजारात ५० घ्यावी, रुंद कोनाची लेन्स घेऊ नये. अरुंद गाभाऱ्यासाठी बॉडीबरोबर मिळणारी किट लेन्स एफ ८ वर तिपाईवरून वापरावी. तिला नाके मुरडणारे लोक पुष्कळ भेटतात. त्यांनी तिला तिपाईवर कधी ठेवलेले नसते, असा माझा अनुभव.

कागद आणि नाण्यांसाठी माझी निवड ५५ मिमीची जुनी मायक्रो-निक्कोर. या घराण्यातली पहिली लेन्स १९५६ साली जपानी दस्तऐवजांच्या मायक्रोफिल्मसाठी झाली. कांजी लिपीतले बारीक फराटे मिटू नयेत, ही तिची मूळ गरज. मोडीवाल्याला यापेक्षा जवळची ओळख कोणती हवी? ती वस्तूच्या निम्म्या आकारापर्यंत प्रतिमा देते. सुमारे २ सेंटिमीटरांची शिवराई सेन्सरवर १ सेंटिमीटरची पडते. २४ मेगापिक्सेलच्या लहान, म्हणजे एपीएस-सी सेन्सरवर त्या सेंटिमीटरात सुमारे २,५०० पिक्सेल येतात. तेवढ्याच मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर १,६००च्या आसपास. म्हणजे या कामाला महाग फुल-फ्रेम बॉडी उलट कमी पडते. घेताना एफ २.८ची आवृत्ती असेल तर झडपेच्या पात्यांवर तेल आले आहे का ते पाहावे, तिचा हा जुना आजार आहे. एफ ३.५ची त्या मानाने निरोगी.

जुनी लेन्स दोन्ही बाजूंची झाकणे काढून, झडप पूर्ण उघडून, मागून टॉर्च लावून तिरकी पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कोकण-गोव्याच्या हवेत राहिलेल्या लेन्सेस विशेष तपासाव्यात, आणि कातडी पिशवी विक्रेत्यालाच परत द्यावी. ती पावसाळ्यात ओल धरते. घरी हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरते.

ज्याच्याकडे चालता एसएलआर आणि दोन लेन्सेस आहेत, त्याने घाईने काही बदलू नये. नव्याने सुरुवात करणाऱ्यालाही आज जुना एसएलआर आणि ५० मिमी हाच सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे, कारण सगळे नव्याकडे धावल्याने जुने स्वस्त झाले आहे.

माझी झूम विकून आलेल्या पैशांतून जोडकडे आणि मायक्रो लेन्स आली, वर एक एलईडी दिवा आणि त्याचा स्टँडही. हा दिवा शिळेच्या बाजूला, तिच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला की अर्धा मिलिमीटर उरलेल्या खोदाईतही सावली भरते. संध्याकाळ झाल्यावर एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून अशी तीन चित्रे घेतो. एका दिशेने न दिसणारी रेघ दुसऱ्या दिशेने पुष्कळदा दिसते.