पुण्यातले ऊन, ताम्हिणीचे आभाळ

जुलैमधल्या एखाद्या रविवारी सकाळी सात वाजता चांदणी चौकातून निघावे. आभाळ भरलेले, पण रस्ता कोरडा. भूगाव येईपर्यंत काचेवर भुरभुर सुरू होते. पिरंगुटला वायपर लावावा लागतो आणि पौड मागे पडल्यावर तो बंद करायची सोय राहत नाही. मुळशी जलाशयाच्या कडेने रस्ता वळणे घेऊ लागला की समोरचा डोंगर ढगात गेलेला असतो. ताम्हिणीत पोचेपर्यंत दिवे लावूनही पुढचे वळण दिसत नाही. अंतर पन्नासेक किलोमीटरचे, पण तेवढ्यात पावसाचा अख्खा प्रदेश बदललेला असतो.

पुण्याहून मुळशीला जाणारे बहुतेक जण निघण्यापूर्वी घराच्या खिडकीतून आभाळ बघतात आणि बेत पक्का करतात. नेमकी इथेच चूक होते. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर तोच आकडा सहा हजारांच्या घरात जातो, म्हणजे आठपट. मोबाइलवर ‘पुणे’ असे टाकून आलेला अंदाज ताम्हिणीसाठी वापरणे म्हणजे एका गावचा पत्ता घेऊन दुसऱ्या गावात घर शोधणे. मुळशीची सहल ठरवताना तारखेइतकेच महत्त्व जागेला आहे. या रस्त्यावर आपण कुठवर जाणार, हे आधी ठरवायला हवे.

डोंगर पाऊस कसा काढतो

जूनपासून अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येचे वारे येतात. सोमालियाच्या किनाऱ्यापासून निघणारा त्यांचा वेगवान झोत समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत जोरात वाहतो. हजारो किलोमीटर समुद्रावरून आल्यामुळे तो बाष्पाने जड झालेला असतो. कोकणची अरुंद पट्टी ओलांडली की त्याच्यासमोर सह्याद्रीची जवळजवळ उभी भिंत येते. कड्याखालच्या भिऱ्याहून वर पाहिले की ही भिंत म्हणजे काय ते कळते.

भिंतीला धडकलेल्या वाऱ्याला वर चढावे लागते. वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून हवा फुगते आणि फुगताना थंड होते. कोरडी हवा किलोमीटरमागे जवळजवळ दहा अंशांनी थंड होते. बाष्पाचे थेंब होऊ लागले की त्यातून उष्णता बाहेर पडते आणि थंड होण्याचा वेग मंदावतो. तरीही काही शे मीटर चढल्यावर हवेला सगळे बाष्प पेलत नाही. ढग होतात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात.

माथा ओलांडून हवा पूर्वेकडे उतरते तेव्हा सगळे उलटे घडते. ती दाबली जाते, तापते, ढग विरळ होतात, उरलेले थेंब वाटेतच वाळतात. पौड, पिरंगुट, भूगाव असे पुण्याकडे येताना पाऊस पायरीपायरीने उतरतो. पुणे या पर्जन्यछायेत आहे. महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई या तीन गावांतही हीच उतरंड दिसते. माथ्यावरच्या महाबळेश्वरात मुसळधार, थोडे पूर्वेला असलेल्या पाचगणीत त्याहून बराच कमी आणि घाट उतरल्यावर वाईत जेमतेम पुण्याएवढा.

मुळशीच्या गारव्याबद्दलही एक गैरसमज आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि मुळशीचा जलाशय सहाशेच्या आसपास. एवढ्याशा फरकाने अंगावर काटा येत नाही. जुलैत तिथे जाणवतो तो गारवा दिवसभर सूर्य झाकणाऱ्या ढगांचा, भिजलेल्या जमिनीचा आणि सतत वाहणाऱ्या वाऱ्याचा असतो. म्हणूनच ढग सरल्यावर एप्रिल-मेमध्ये हीच मुळशी चांगली तापते.

पावसाच्या या उतरंडीचा हिशेब शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या वीज कंपनीने मांडला. माथ्यावर भरपूर पाऊस आणि शेजारीच कोकणात उतरणारा उभा कडा. मुळा नदी मूळची पूर्ववाहिनी. तिला धरणाने अडवून पाणी पश्चिमेला वळवले आणि कड्याखाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडले. त्यातून तयार झालेली वीज मुंबईला गेली. ते पाणी पुढे कुंडलिकेला मिळते. कोलाडजवळ राफ्टिंग करणाऱ्यांच्या होड्या ज्या पाण्यावर उसळतात, ते मावळात पडलेल्या पावसाचे पाणी असते. या हिशेबाची किंमत मुळशी पेट्यातल्या पन्नासहून अधिक गावांनी मोजली. १६ एप्रिल १९२१ रोजी सुरू झालेला आणि पुढे सेनापती बापटांच्या नावाने ओळखला गेलेला मुळशी सत्याग्रह त्यासाठीच होता. आज काठावर उभे राहून फोटो काढताना पाण्याखाली भाताची खाचरे आहेत, हे मनात असावे.

गडगडाट नसलेला पाऊस

मुळशीत दोन जातींचा पाऊस पडतो. त्यांच्यातला फरक ओळखता आला की अर्धे नियोजन झाले.

पहिला वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारभर जमीन तापते, गरम हवा वेगाने वर जाते आणि ढग दहा-बारा किलोमीटर उंच वाढतो. पाच-सहा किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली असते. तिथे बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात आणि विद्युतभार वेगळे होतात. त्यातून वीज, कडकडाट, कधी गारा. वळीव बहुधा दुपारी तीननंतर येतो आणि तासाभरात निघून जातो.

दुसरा जुलै-ऑगस्टचा घाटाचा पाऊस. याचे ढग बुटके असतात. बहुतेकांचे माथे गोठण्याच्या पातळीपर्यंत पोचतच नाहीत. समुद्रातून आलेल्या मिठाच्या कणांभोवती मोठे थेंब होतात, एकमेकांत मिसळतात आणि बर्फाशिवायच पाऊस पडतो. बर्फ नाही म्हणून वीज नाही, गडगडाटही नाही. नुसती संततधार.

शहरातला माणूस पावसाचा जोर आवाजावरून मोजतो. घाटात हे माप फसवते. इथे गाजावाजा न करता कोसळणारा पाऊसच जास्त पाणी ओततो. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात शिवाजीनगरला सुमारे ११४ मिलिमीटर पडला आणि तेवढ्यानेही पुणे हादरले. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या मापाने ताम्हिणीतल्या एका गुंठ्यावर त्या एका दिवसात सुमारे छप्पन्न हजार लिटर पाणी पडले, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेपाच टँकर.

महिन्यांचा हिशेब

मेअखेर आणि जूनचा पहिला आठवडा हा वाट पाहण्याचा काळ. झाडीत काजवे चमकू लागतात, खाचरांच्या कडेला भाताच्या रोपांसाठी राब भाजून तयार असतो. फिरणे सकाळी उरकावे. दुपारी आभाळ काळवंडले की मोकळे माळ, जलाशयाचा काठ आणि एकटी झाडे सोडून पक्क्या छपराखाली किंवा गाडीत यावे. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडत असल्याची सूचना देते. ते मोबाइलमध्ये असू द्यावे.

मोसमी पाऊस पुण्यात एरवी जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पोचतो. ‘एरवी’ या शब्दावर मात्र फार भिस्त ठेवू नये. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच मुंबई-पुण्यात दाखल झाला. शिवाय मोसमी पाऊस आल्याची घोषणा झाली म्हणजे धबधबे वाहू लागले, असे नसते. तापलेली जमीन पहिले पाणी पिऊन टाकते. डोंगर भिजून ओढे बोलू लागायला आणखी काही दिवसांचा पाऊस लागतो.

पाच-सहा जुलैच्या सुमारास सूर्य पुनर्वसू नक्षत्रात जातो आणि एकोणीस-वीसच्या सुमारास पुष्य नक्षत्रात. शेतकरी या दोन पावसांना तरणा आणि म्हातारा म्हणतात. हवामान खात्याच्या नोंदींमध्येही घाटाचा सर्वाधिक पाऊस याच महिन्यात येतो. भातलावणीचे दिवस हेच. धुके, धबधबे आणि चिखल हवा असेल त्यांनी या दिवसांत जावे. रस्ता मात्र जलाशयापर्यंतचा धरावा. अंधारबन, प्लस व्हॅली, देवकुंड या वाटा या काळात प्रशासन अनेकदा बंद ठेवते, आणि त्याला कारण आहे. इथली जमीन म्हणजे बेसॉल्टच्या खडकावर मातीचा पातळ थर. एकदा तो भिजला की पुढचे सगळे पाणी थेट ओढ्यात. वर माथ्यावर कोसळलेली सर अर्ध्या-पाऊण तासात खालच्या डोहात पोचते. त्या वेळी डोहावर ऊनसुद्धा असू शकते. पाणी गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या वाहू लागल्या किंवा ओढ्याचा आवाज बदलला, तर सामान न आवरता वर चढावे.

माझ्या मते मुळशीचा सर्वांत देखणा काळ सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरची सुरुवात हा आहे. समुद्रावरचा झोत मंदावतो, झड तुटते, उघडीप मिळते. डोंगर हिरवे असतात, ओढे वाहते असतात आणि पठारांवर सोनकी पिवळीधमक फुलते. फक्त दुपार सांभाळावी. वारा कमी, बाष्प शिल्लक आणि ऊन कडक, अशा स्थितीत उंच ढग पुन्हा वाढू लागतात. हस्ताचा पाऊस गडगडत येतो तो यामुळे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रात्री निरभ्र असतात. जमिनीची उष्णता आकाशात निघून जाते, थंड झालेली जड हवा डोंगरउतारावरून घसरत खोऱ्यात साचते आणि पहाटे खालचे गाव वरच्या टेकडीपेक्षा जास्त गारठते. जलाशयाचे पाणी मात्र ऊब धरून असते. त्यावरून उठणारी वाफ थंड हवेत गोठल्यासारखी तरंगते. हे पाहायचे तर सूर्योदयापूर्वी काठावर पोचावे. नऊनंतर ते उरत नाही. दिवसा सदरा पुरतो, पण पहाटेसाठी स्वेटर लागतोच.

मार्च-एप्रिलमध्ये गवत वाळून कोळ झालेले असते. एका ठिणगीने वणवा पेटतो. ताम्हिणीच्या अभयारण्यात शेकरूची घरटी आहेत. चूल, सिगारेट, फटाके काहीही नको. दिवस तापतो, पण संध्याकाळी समुद्राकडचा वारा घाट चढून येतो आणि रात्र सुसह्य होते.

अंदाज कसा वाचावा

हवामान खाते पुण्याचा अंदाज देताना शहर आणि घाट परिसर वेगळे दाखवते. बातमीत ‘पुणे घाटमाथा’ हे शब्द शोधावेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार अशी प्रतवारी असते. घाटाला ऑरेंज अलर्ट असेल तर ताम्हिणीचा बेत पुढे ढकलावा. रेड अलर्ट असेल तर घर सोडू नये. वर्तमानपत्रातला पावसाचा आकडा सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. त्यावरून आज काय होईल हे कळत नसले, तरी डोंगर किती भिजला आहे ते कळते. सलग तीन-चार दिवस मोठे आकडे असतील तर पाऊस थांबल्यावरही दरड सुटू शकते. ३० जुलै २०१४ रोजी याच जिल्ह्यात माळीण गाव दरडीखाली गेले, ते सततच्या पावसाने डोंगर भिजल्यानंतर.

आणखी एक खूण. बंगालच्या उपसागरात, ओडिशाच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की ती आपल्यासाठीही असते. ते मध्य भारताकडे सरकताना अरबी समुद्रावरचे वारे जोराने ओढून घेते आणि दोन-तीन दिवसांत घाटात पाऊस वाढतो. शनिवार-रविवारचा बेत बुधवारीच तपासायचा तो यासाठी.

एवढे सगळे पाहिल्यावरही शेवटचा निर्णय पौडला घ्यावा. चहाला थांबावे आणि पश्चिमेकडून आलेल्या एसटीच्या चालकाला किंवा दूध घेऊन उतरलेल्या माणसाला विचारावे, ‘दादा, वर कसं आहे?’ हवामान खात्याचा अंदाज सबंध घाटाचा असतो. हा माणूस तासाभरापूर्वी नेमक्या त्या वळणावरून आलेला असतो. ‘झड लागलीय’ असे उत्तर आले तर गाडी जलाशयाच्या अलीकडेच थांबवावी, एखाद्या गावात गरम भाकरी आणि पिठले खावे, खाचरात न उतरता बांधावरून लावणी पाहावी आणि परत फिरावे. ताम्हिणी सप्टेंबरात तिथेच असेल आणि तेव्हा वरचे वळणही दिसेल.