कीर्ति आणि चव

नाशिकचा मनुष्य मिसळीच्या बाबतींत कोणाचीहि भीड धरीत नाहीं. सकाळीं दुकानांतून बाहेर पडतांना "आज कशी होती?" असें त्यास विचारिलें, तर रस्सा पातळ झाला होता, मटकी जरा कच्ची राहिली होती, किंवा आज मसाला उत्तम भाजला गेला होता, असें तो तत्काळ सांगतो. दुकान चाळीस वर्षांचें असो वा कालपरवा उघडलेलें असो, त्याचा निर्णय बदलत नाहीं. हाच मनुष्य मुंबईच्या एखाद्या जगन्मान्य भोजनगृहांत एका पानाला कित्येक हजार रुपये मोजून आला, आणि त्यास तोच प्रश्न विचारिला, कीं मात्र तो क्षणभर घुटमळतो आणि मग "छानच होतें" असें म्हणतो. त्या "छान"मध्यें समाधान किती व संकोच किती, हें त्याचें त्यासहि नीट सांगतां येत नाहीं. आपणांस त्यांतलें कळत नसावें, अशी शंका त्याच्या मनांत असते. शिवाय खर्चिलेले पैसे वायां गेले असें कबूल करणें कोणासहि आवडत नाहीं.

हा संकोच क्षुल्लक नव्हे. आईवडिलांच्या विवाहास पन्नास वर्षें पूर्ण झालीं, मुलीला पहिली मोठी नोकरी लागली, अशा प्रसंगीं नाशिकचें एखादें मध्यम स्थितींतलें कुटुंब मुंबई गाठतें आणि महिन्याच्या किराण्याहून मोठी रक्कम एका जेवणावर खर्च करतें. हौसेला मोल नसतें हें खरें. परंतु ज्या कीर्तीवर विसंबून तें कुटुंब इतक्या दूर आलें, ती कीर्ति खरी कीं पोकळ हें पाहण्याचा अधिकार त्यास आहे. तो बजावण्यासाठीं पाकशास्त्राची पदवी लागत नाहीं. कीर्ति कोणीं दिली, कशाबद्दल दिली, आणि कशाबद्दल दिलेलीच नाहीं, या तीन गोष्टी कळल्या म्हणजे पुरे.

भोजनगृहांस श्रेणी देण्याची आजची प्रसिद्ध पद्धति एका टायरच्या कारखान्यांतून निघाली, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. फ्रान्समधील आंद्रे व एदुआर मिशलँ या बंधूंनीं १९०० सालीं मोटारवाल्यांसाठीं एक मार्गदर्शक पुस्तिका फुकट वांटली. लोक जितके अधिक हिंडतील तितके टायर अधिक झिजतील, हा साधा व्यापारी विचार त्यामागें होता. १९२६ पासून त्या पुस्तिकेंत उत्तम भोजनगृहांपुढें तारा छापला जाऊं लागला आणि १९३१ मध्यें एक, दोन व तीन तारे अशी श्रेणी ठरली. एक तारा म्हणजे आपल्या प्रकारांत उत्तम. दोन तारे म्हणजे वाट वांकडी करून जाण्याजोगें. तीन तारे म्हणजे केवळ त्यासाठींच प्रवास करावा असें. परीक्षक आपलें नांव सांगत नाहीं. सामान्य गिऱ्हाइकासारखा येऊन बसतो, जेवतो आणि बिल पुरतें चुकवून निघून जातो. तो पांच गोष्टी पाहतो : जिन्नसांचा कस, हाताचें कौशल्य, चवींचा मेळ, पदार्थांत उतरलेला स्वयंपाक्याचा स्वतःचा बाणा, आणि दर वेळीं तीच प्रत राखण्याचें सातत्य. दालनाची सजावट, खुर्च्यांचा मऊपणा, वाढप्यांचे पोशाख यांना ताऱ्यांच्या हिशेबांत जागा नाहीं. २०२५ पर्यंत तरी भारतांतील एकाहि शहरासाठीं ही पुस्तिका निघालेली नव्हती. आपल्याकडे हॉटेलांना जें "पंचतारांकित" म्हणतात, तें वर्गीकरण निराळें. तें खोल्या व सोयी पाहून ठरतें, आमटीची चव पाहून नव्हे.

भारतांतील भोजनगृहांची परदेशांतली कीर्ति मुख्यत्वें दुसऱ्याच एका यादीवर उभी आहे. लंडनच्या एका व्यावसायिक मासिकानें २००२ सालीं जगांतील पन्नास उत्तम भोजनगृहांची यादी काढण्यास आरंभ केला, आणि २०१३ पासून आशियाची निराळी यादी निघूं लागली. येथें परीक्षक नाहींत, मतदार आहेत. स्वयंपाकी, भोजनगृहांचे चालक, खाद्यपदार्थांवर लिहिणारे आणि देशोदेशीं हिंडून खाणारे रसिक अशा तीनशेंहून अधिक लोकांचीं मतें मोजून आशियाचा क्रम लागतो. कशास किती गुण द्यावे याचें ठरलेलें कोष्टक नाहीं. ज्याला जें आवडलें त्याला त्यानें मत द्यावें. साहजिकच अशा मंडळींची ये-जा ज्या शहरांत अधिक, तेथील भोजनगृहांस मतें मिळण्याचा संभवहि अधिक. पंचवटींतील एखाद्या माउलीची पुरणपोळी कितीहि नामी असली, तरी ती या मतदारांच्या जिभेपर्यंत पोहोंचत नाहीं. म्हणून ही यादी एवढेंच सांगते, कीं पुष्कळ ठिकाणीं खाल्लेल्या पुष्कळ लोकांना अमुक ठिकाण आवडलें. ही साक्ष वजनदार आहे. परंतु ती साक्ष आहे, निकाल नव्हे.

या यादीनें भारतांत पहिलें स्थान दिलेलें भोजनगृह नाशिकपासून फार दूर नाहीं. सुमारें १७० किलोमीटरवर, मुंबईच्या महालक्ष्मी भागांत, लक्ष्मी वुलन मिल्सच्या जुन्या आवारांत तें आहे. "मास्क" हें त्याचें नांव. आदिती दुगर यांनीं तें प्रतीक साधू या काश्मिरी पाकतज्ज्ञासह २०१६ सालीं उघडलें. २०२० सालीं आशियाच्या यादीनें "लक्ष ठेवण्याजोगें भोजनगृह" म्हणून त्याचा गौरव केला. २०२२ मध्यें तें आशियांत २१ वें व भारतांत पहिलें ठरलें, आणि २०२३ मध्यें १६ व्या स्थानावर चढलें.

येथें पदार्थांची यादी पुढें ठेवून "काय घेणार?" असें विचारीत नाहींत. भोजनगृहानें ठरविलेला दहाएक लहान लहान पदार्थांचा क्रम एकामागून एक समोर येतो, आणि प्रत्येकाबरोबर त्याची थोडी हकीकत सांगितली जाते. उंची जेवण म्हणजे परदेशांतून आणलेले जिन्नस, ही जुनी समजूत बाजूस सारून या मुदपाकखान्यानें आपल्याच देशांतील जिन्नसांचा शोध घेतला. लडाखमधील सीबकथॉर्न नांवाचें नारिंगी रंगाचें आंबट फळ, हिमालयाच्या उतारावर उगवणारी गुच्छी, अशा वस्तूंना त्यानें मानाचें पान दिलें. थोडक्यांत, या कीर्तीचा दावा असा, कीं भारतीय जिन्नस आणि भारतीय चवी नव्या रूपांत मांडून त्या जगांतील कोणत्याहि पंक्तींत बसवितां येतात.

या दाव्याची कठीण परीक्षा २०२२ सालीं झाली. त्या वर्षीं साधू तेथून बाहेर पडले आणि त्याच मुदपाकखान्यांत तयार झालेले वरुण तोतलानी यांच्या हातीं सूत्रें आलीं. ज्याच्या नांवावर लोक येतात तो स्वयंपाकी गेला म्हणजे भोजनगृहाची कशी दशा होते, याचें उदाहरण फ्रान्समध्यें सांपडतें. लियाँ शहराजवळील पॉल बोक्यूज यांच्या भोजनगृहानें १९६५ पासून तीन तारे राखिले होते. २०१८ च्या जानेवारींत बोक्यूज वारले, आणि २०२० च्या जानेवारींत तिसरा तारा गेला. पन्नासांहून अधिक वर्षांची पुण्याई, पण परीक्षकांनीं तिच्याकडे पाहून पान गोड मानून घेतलें नाहीं. मास्कच्या बाबतींत असें झालें नाहीं. २०२३ च्या यादीविषयीं शंका घेतां येईल, कारण मतदार मागल्या दीड वर्षांतील जेवणें लक्षांत घेतात व त्यांतील कांहीं साधूंच्या काळचीं असणार. परंतु २०२४ व २०२५ या दोन्ही सालीं भारतांतील पहिलें स्थान याच भोजनगृहाकडे राहिलें, आणि त्या वेळीं ही शंका उरत नाहीं. स्वयंपाकी बदलून प्रत टिकली, तर कीर्ति एका माणसाची नसून घराची होती असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तर मग नाशिकच्या त्या कुटुंबानें डोळे मिटून जावें काय? येथेंच तिसरा प्रश्न येतो. कीर्ति कशाबद्दल दिलेलीच नाहीं, हें त्यानें आधीं पाहावें. मास्क ज्या गिरणीच्या आवारांत आहे, त्याच मुंबईच्या गिरणगांवांत एके काळीं कामगारांच्या खानावळी होत्या. कोंकणांतून व घाटावरून एकटे आलेले पुरुष महिन्याच्या बोलीवर तेथें जेवीत, आणि पगार झाला म्हणजे पैसे देत. त्या चालविणाऱ्या स्त्रियांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें. त्या खानावळींचीहि कीर्ति असे, आणि ती कोणत्याहि यादीवांचून खोलीखोलींतून पसरे. तिचा अर्थ असा, कीं पाळीहून आलेल्या माणसाला गरम भाकरी मिळेल, कालच्यासारखीच मिळेल, आणि तो पोटभर जेवून उठेल. मास्कची कीर्ति या गोष्टींची ग्वाही देत नाहीं. ओळखीची चव, हवें तें मागण्याची मुभा, पुन्हा पुन्हा वाढण्याचा आग्रह यांसाठीं जो तेथें जाईल तो निराश होऊन परतेल. त्याची निराशा खरी असेल. परंतु तेवढ्यानें त्या भोजनगृहाची कीर्ति खोटी ठरणार नाहीं. गाण्याच्या बैठकीला जाऊन कुस्ती पाहावयास मिळाली नाहीं, अशी तक्रार करण्यासारखेंच तें होईल.

उलट एक फसगत अशीहि आहे, कीं जेवणाशिवाय दुसऱ्याच गोष्टीचें श्रेय जेवणाला मिळतें. याचें उदाहरण नाशकांतच आहे. गंगापूर धरणाच्या परिसरांत राजीव सामंत यांनीं द्राक्षमळे लाविले, त्यांच्या "सुला"ची पहिली वाइन २००० सालीं बाजारांत आली, आणि २००५ पासून पाहुण्यांना तेथें बसून ती चाखण्याची सोय झाली. तेव्हांपासून द्राक्षमळ्यांत बसून जेवणें हा नाशिकच्या लौकिकाचा एक भाग झाला आहे. संध्याकाळीं ओळींनीं लाविलेल्या वेलींवर ऊन उतरतें, धरणाच्या बाजूनें वारा येतो, आणि अशा वेळीं पुढ्यांत आलेलें साधें अन्नहि गोड लागतें. त्यांत गैर कांहींच नाहीं. सृष्टिशोभा ही देखील आनंदाची वस्तु आहे, आणि तिच्यासाठीं पैसे देणें हा मूर्खपणा नव्हे. मात्र कोणत्याहि रम्य ठिकाणीं जेवतांना एक प्रश्न मनाशीं विचारून पाहावा : हाच पदार्थ मेन रोडवरच्या एखाद्या साध्या खोलींत, पंख्याखालीं बसून खाल्ला असता, तर इतका आवडला असता काय? उत्तर "होय" आलें तर श्रेय स्वयंपाक्याचें. "नाहीं" आलें तर सूर्यास्ताचें.

एवढें समजून जो जाईल, त्यानें व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या. जागा राखून ठेवतांना शाकाहार, उपास किंवा न मानवणारे जिन्नस आधींच सांगावे. ठरलेल्या क्रमाच्या जेवणांत ऐन वेळीं बदल करणें अवघड असतें. एकूण खर्च करासकट विचारून घ्यावा. बिलांत सेवाशुल्क जोडलेलें असल्यास तें देणें सक्तीचें नाहीं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२२ च्या जुलैमध्यें तसे नियम घालून दिले आणि २०२५ च्या मार्चमध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें ते उचलून धरिले. वाढपी संतोषानें वागला असेल तर त्यास खुशीनें द्यावें, पण भिडेनें देऊं नये. एखादा पदार्थ कसा खावा हें न कळल्यास सरळ विचारावें. न कळणें यांत कमीपणा नाहीं. तो पदार्थ तेथें प्रथमच जन्मास आलेला असतो, मग तो पाहुण्यास ठाऊक असावा कसा?

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, परतल्यावर कोणीं "कसें होतें?" म्हणून विचारिलें, तर मिसळीविषयीं जसें सांगतों तसें सांगावें. तिसरा पदार्थ अप्रतिम होता, सहावा कळला नाहीं, शेवटचें गोड जरा अधिक आंबट होतें, असें उत्तर देणारा मनुष्य अडाणी ठरत नाहीं. उलट तोच खरा परीक्षक ठरतो. मिशलँचा परीक्षक ज्या पांच गोष्टी पाहतो, त्यांतील बहुतेक नाशिकचा मनुष्य रोज सकाळीं न शिकवितां पाहतच असतो. मटकीला मोड ताजे आहेत काय, मसाला नीट भाजला आहे काय, तिखट व आंबट यांचा मेळ बसला आहे काय, आणि मागल्या आठवड्याची चव आजहि आहे काय, याहून निराळें तो परीक्षक तरी काय विचारतो?

मास्कनें जें वचन दिलें तें आजवर पाळलें आहे, असें उपलब्ध साक्षीवरून दिसतें. पण भोजनगृहाची कीर्ति ही वाड्यासारखी एकदां बांधून ठेवण्याची वस्तु नव्हे. ती दुधासारखी आहे. रोज तापवावी लागते, आणि एक दिवस हयगय झाली तर नासते. ती रोज तापते कीं नाहीं हें यादी करणारे वर्षांतून एकदां पाहतात. उरलेले दिवस पाहण्याचें काम नांव नसलेल्या, ओळख नसलेल्या, आपल्या कमाईचे पैसे देऊन जेवणाऱ्या गिऱ्हाइकाचें आहे. त्यानें तें काम संकोचापायीं सोडूं नये.