गावात दुरुस्त होणारी जीप

निफाड तालुक्यातलं सायखेडा गोदावरीच्या अगदी काठावर आहे. नाशिकहून तीसेक किलोमीटर. चांदोरीच्या चौफुलीवरून आत वळलं की ऊस, द्राक्षबागा आणि कांद्याच्या चाळी लागतात, मग नदीवरचा पूल. वरच्या अंगाला गंगापूर आणि दारणा ही धरणं, खालच्या अंगाला नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. वरून पाणी सुटलं आणि खाली ते तुंबलं की चांदोरी-सायखेडा मधे सापडतात. ऑगस्ट २०१६ मध्ये सापडले, ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा. अशा गावात पाणी ओसरल्यावर पहिली दोन कामं असतात: घरातला गाळ काढायचा आणि दारातली गाडी चालू करायची.

कुठली गाडी चालू होते, यावर शेतकऱ्याचा पुढचा आठवडा ठरतो. म्हणूनच या पट्ट्यात महिंद्राची जुनी जीप, मग ती एमएम ५४० असो, कमांडर असो की जुन्या डीआय इंजिनाची बोलेरो, अजून रोजच्या कामाला लागते. तिला कोणी शोभेची म्हणून सांभाळत नाही. खताच्या गोण्या, औषधाचे डबे, द्राक्षाचे क्रेट, पंपाची मोटर आणि दवाखान्यात न्यायचं म्हातारं माणूस हे सगळं तिच्यातूनच जातं. ही निवड गरिबीतून आलेली आहे, असं शहरातून पाहणाऱ्याला वाटतं. मला ती हिशेबातून आलेली दिसते, आणि तो हिशेब नीट मांडला पाहिजे.

जीप आपल्याकडे आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या मागोमाग. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. विलिज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला १९४७ मध्येच सुरुवात झाली होती. पुढे उंच नाकाची सीजे-३बी आली आणि तीच आपल्या डोळ्यांतली जीप ठरली. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, आणि गावात धुरळा उडवत येणारी बीडीओची जीप म्हणजे सरकार आलं, अशी ओळख पक्की झाली. सरकारी आणि लष्करी जीपा लिलावात निघू लागल्या, तशा त्या शेतकऱ्याच्या दारात आल्या. सरकारची गाडी अशी हळूहळू मळ्याची झाली.

पण ती मळ्यात टिकली ती इंजिनामुळे, आणि या इंजिनाचं नातं ट्रॅक्टरशी आहे. १९६३ मध्ये महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली. तिचा बी-२७५ ट्रॅक्टर जुन्या शेतकऱ्यांना अजून आठवतो. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. पुढे जीपमध्ये बसलेली २३५० आणि २५२३ सीसीची डिझेल इंजिनं याच ट्रॅक्टरच्या घराण्यातली. मधल्या काळात फ्रान्सच्या प्यूजोकडून परवाना घेऊन केलेलं २११२ सीसीचं इंजिन आलं. १९८५ च्या एमएम ५४० मध्ये तेच होतं. प्यूजो इंजिन हलकं आणि पळायला चपळ. पण ट्रॅक्टरच्या रक्ताचं डीआय इंजिन गावाला जास्त मानवलं, असं माझं मत आहे. कारण साधं आहे. ज्या मिस्त्रीने आयुष्यभर ट्रॅक्टरची हेडं उतरवली, त्याला जीपचं इंजिन नव्याने शिकावं लागलं नाही. हत्यारं तीच, हात तेच, ऑइलही तेच.

थंडीतही हा फरक जाणवतो. निफाडचा पारा महाराष्ट्रात सर्वांत खाली उतरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तो पाच अंशांच्याही खाली जातो आणि बागायतदार द्राक्षाच्या घडांच्या काळजीने शेकोट्या पेटवून जागतात. अशा पहाटे प्यूजो इंजिनाचे हीटर प्लग तापेपर्यंत थांबावं लागतं आणि त्यातला एखादा गेला असेल तर गाडी कुरकुरते. डीआय इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं, उष्णता वाया कमी जाते, म्हणून ते हीटरशिवायही उठतं.

या गाडीची खरी गंमत ती बंद करताना कळते. चावी फिरवून इंजिन थांबत नाही. स्टॉपची दोरी ओढून पंपाचं डिझेल तोडावं लागतं. याचा अर्थ एकदा चालू झालेल्या या इंजिनाला विजेची गरजच नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते आणि फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. पंप इंजिनाच्याच गिअरवर फिरतो, नोझल दाबाने उघडतं आणि मिटतं. बॅटरी लागते ती स्टार्टरला, हीटर प्लगना आणि दिव्यांना. बॅटरी बसली तर चार माणसांचा धक्का किंवा नदीकडचा उतार पुरतो.

बिघाडही असे की ते कानाला, नाकाला आणि बोटांना कळतात. पांढरा धूर आला की नोझल गळतंय किंवा डिझेल अर्धवट जळतंय. काळा आला की हवा कमी पडते, एअर फिल्टर धुळीने भरलाय. निळा आला की ऑइल जळतंय, रिंगा झिजल्यात. गाडी मधेच दम सोडते, पुन्हा उचलते, तेव्हा डिझेलच्या नळीत एअर शिरलेली असते. पंपावरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे थांबले की आवळायचा. पुढून ‘टक टक’ आलं की शाफ्टचा क्रॉस गेला. एका अंगाला बसली की कमानपाटा तुटला. यातलं निम्मं काम दहा-अकरा आणि बारा-तेराचा पाना, गोटीपान्याचा संच, पक्कड आणि जॅक यावर होतं. उरलेलं निम्मं गावातल्या किंवा शेजारच्या गॅरेजमध्ये. आणि पाटा, बुश, पिन असे भाग लोहार आणि लेथवाला मिळूनही उभे करतात.

इथे नाशिक जिल्ह्याचं एक भाग्य सांगितलं पाहिजे. सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे, जिथे बोलेरो बनत आली. त्याच सातपूरला मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा कारखाना आहे, डिझेल इंजिनाची नोझलं आणि इंजेक्टर बनवणारा. नाशिककर अजून मायको सर्कल म्हणतात ते त्यावरूनच. निफाड तालुक्यातच ओझरला १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे; मिग विमानं तिथे बनली आणि त्यांची संपूर्ण खोलून दुरुस्तीही तिथेच होत राहिली. टर्नर, फिटर, वेल्डर आणि पंप कॅलिब्रेशन करणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या या औद्योगिक पट्ट्यात घडल्या आणि त्यांनी शिकलेलं काम गावोगावच्या गॅरेजांत झिरपलं. सुट्या भागांसाठी अंबड लिंक रोडचा भंगार बाजार मोठा आधार होता. जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने तो उठवला, तेव्हा जुन्या गाडीवाल्यांची मोठी अडचण झाली. तरी हाउसिंग, गिअरबॉक्स, स्टिअरिंगचा डबा हे अजून मिळतं, कारण ही गाडी लाखोंनी बनली आणि तिचे भाग एका मॉडेलमधून दुसऱ्यात बसतात.

आता पुराकडे येऊ. बुडालेल्या गाडीला लगेच स्टार्टर मारायचा नाही, हा पहिला नियम. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो; मग हजारांचं काम लाखावर जातं. आधी नोझलं काढायची, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर उडवायचं. ऑइल दुधासारखं पांढरट झालेलं असतं, ते सोडायचं. गिअरबॉक्स आणि दोन्ही हाउसिंगचं ऑइल सोडायचं. टाकी उतरवून धुवायची, फिल्टर बदलायचा, एअर काढायची. ब्रेकचे ड्रम उघडून गाळ धुवायचा, बेअरिंगला नवं ग्रीस भरायचं. स्टार्टर आणि अल्टरनेटर उन्हात वाळवायचे. दोन-तीन दिवसांची अंगमेहनत, ऑइल-फिल्टरचा खर्च आणि मिस्त्रीची मजुरी एवढ्यावर जीप रस्त्यावर येते.

नवी डिझेल गाडी हेच पाणी सोसत नाही. तिच्यात संगणक आहे, डझनावारी सेन्सर आहेत, वायरिंगचे शेकडो जोड आहेत. गाळाचं पाणी या जोडांत शिरलं की आज चालणारी गाडी महिन्याभराने गंजून बंद पडते, आणि विमा कंपनी बऱ्याचदा ती पूर्ण निकामीच धरते. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी आली. ती साफ व्हायला गाडी काही वेळ वेगाने, तापून पळावी लागते. मळा ते गाव, गाव ते मार्केट अशा छोट्या, थांबत्या फेऱ्यांत तो वेग मिळतच नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिन आपली ताकद आवरतं आणि लॅपटॉप असलेल्या वर्कशॉपशिवाय पुढे सरकत नाही. कांद्याचा लिलाव किंवा द्राक्षाचा व्यापारी वर्कशॉपच्या तारखेसाठी थांबत नाही. तोडलेला माल पडून राहिला तर त्याचा भाव आणि वजन दोन्ही घटतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने गाडीची किंमत म्हणजे शोरूमची रक्कम अधिक ती बंद राहिलेले दिवस.

ही तक्रार जगभरच्या शेतकऱ्यांची आहे. अमेरिकेत ट्रॅक्टरच्या सॉफ्टवेअरला कुलूप लावल्यामुळे शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात स्वतःचं यंत्र दुरुस्त करता येईना, तेव्हा कोलोराडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला. १ जानेवारी २०२४ पासून तिथे कंपन्यांना शेती यंत्रांची माहितीपुस्तकं, हत्यारं आणि सॉफ्टवेअर शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मिस्त्रीला द्यावी लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल, घरगुती वस्तू आणि वाहनं ही तिची चार क्षेत्रं. त्या वर्षअखेर संकेतस्थळही सुरू झालं. पण सायखेड्याच्या मिस्त्रीला हवं आहे ते मराठीतलं पुस्तक आणि परवडणारं स्कॅनर. ते मिळेल तेव्हा हा हक्क गावात पोचला म्हणता येईल.

जुन्या गाडीचे दोष झाकून तिची बाजू मांडणं मला पटत नाही. तिला एअरबॅग नाही, एबीएस नाही. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर पट्टे नाहीत. काळी-पिवळी जीपमध्ये टपापर्यंत माणसं भरून नेण्याची जी सवय या जिल्ह्याने वर्षानुवर्षं पाहिली, तिने जीव घेतले आहेत. धूरही खरा आहे. झिजलेलं नोझल आणि बिघडलेला पंप घेऊन फिरणारी जीप मागच्या मोटरसायकलवाल्याच्या छातीत काजळी भरते. लांबच्या प्रवासाला, रात्रीच्या महामार्गाला, लहान मुलांना घेऊन जायला नवी गाडी बरी, यात मला शंका नाही.

सरकार मात्र गाडीचं वय मोजतं. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १०,००० करण्यात आलं. पर्यावरण कर वेगळा, नव्या सुरक्षा नंबरप्लेटचा खर्च वेगळा. दिल्ली परिसरासारखी दहा वर्षांच्या डिझेल गाडीवरची वयाची बंदी महाराष्ट्रात नाही, आणि ती येऊ नये. ब्रेक तपासा, धूर मोजा, स्टिअरिंगची ढिलाई बघा, नापास झाली तर थांबवा. महिन्याला तीनशे किलोमीटर चालणारी, वेळच्या वेळी नोझल तपासलेली पंचवीस वर्षांची जीप आणि हयगयीत वापरलेली दहा वर्षांची गाडी यांत कोण जास्त घातक, हे जन्मतारीख सांगू शकत नाही.

माझी काळजी गाडीपेक्षा मिस्त्रीची जास्त आहे. धुराचा रंग पाहून रोग सांगणारी माणसं आता साठीला आली आहेत आणि त्यांची मुलं गॅरेजात हात काळे करायला तयार नाहीत. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्यातल्या मुलांना काही महिने अशा गॅरेजांत उमेदवारीला पाठवलं, मिस्त्रीला त्याचं मानधन दिलं, आणि सोबत नव्या गाड्यांचं स्कॅनर वापरायला शिकवलं, तर जुनी आणि नवी दोन्ही विद्या एका हातात येतील.

ज्यांच्या दारात अशी जीप उभी आहे, त्यांना एवढंच सांगायचं आहे. रंगावर खर्च करण्याआधी चारही चाकांचे ब्रेक उघडून बघा. पुढच्या आणि मागच्या सीटना पट्टे बसवून घ्या, मागे लाल परावर्तक लावा, नोझल आणि पंप वर्षातून एकदा तपासा. पावसाळ्याआधी सगळी ऑइलं आणि फिल्टर घरात आणून ठेवा. धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की गाडी त्याच संध्याकाळी उंचावर नेऊन लावा.