तेल तापू द्या

मांडव्याला २०२० पासून मुंबईहून गाड्या आणणारी रो-रो बोट लागते आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतूवरून थेट उरणच्या बाजूला उतरता येतं. त्यामुळे अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या रस्त्यांवर शनिवार-रविवारी जोरकस टर्बो पेट्रोल गाड्या पूर्वीपेक्षा खूप जास्त दिसतात. इथल्या तरुणांनीही तशा गाड्या घेतल्या आहेत. त्यांच्याबरोबर गॅरेजपासून चहाच्या टपरीपर्यंत एक सल्ला पसरला आहे: ‘कोकणातला उकाडा, त्यात घाट. ऑइल कूलर टाकून घे. तेल जितकं थंड, तितकं इंजिन सुरक्षित.’

या सल्ल्याचा शेवटचा भाग साफ चुकीचा आहे, आणि त्यावर विश्वास ठेवून लोक चांगल्या इंजिनांची झीज वाढवून घेत आहेत.

भीती कुठून येते ते आधी पाहू. हल्ली स्वस्तातला ओबीडी स्कॅनर लावला की मोबाइलवर तेलाचं तापमान दिसतं. आकडा १०५ किंवा ११० दाखवतो आणि माणूस हबकतो, कारण १०० अंशांना पाणी उकळतं हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. पण इंजिन ऑइल म्हणजे पाणी नव्हे. चांगल्या सिंथेटिक तेलाला ११० अंश म्हणजे रोजचं काम. इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या चेंबरमधलं तेल ९० ते ११० अंशांच्या दरम्यान असावं, याच हिशेबाने बहुतेक इंजिनं बनवलेली असतात. थोडा वेळ १२०-१२५ झालं तरी काही बिघडत नाही. १३०च्या वर सलग राहू लागलं तर विचार करायचा आणि १४० दिसलं तर पाय काढायचा. शिवाय मोबाइलवरचा आकडा अनेक गाड्यांत प्रत्यक्ष मोजलेला नसतो. इंजिनचा संगणक पाण्याचं तापमान, वेग आणि भार यांवरून त्याचा अंदाज बांधतो. अशा अंदाजावर विसंबून कूलरसाठी बंपर उघडायचा नसतो.

तेलाचं माप कोणत्या तापमानाला ठरतं, तेही पाहा. डब्यावर ५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं, त्यातला ४० हा आकडा एसएईच्या जे३०० या मानकातून येतो, आणि ती दाटी १०० अंश सेल्सिअसला मोजतात. त्या तापमानाला ४० दर्जाच्या तेलाची दाटी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असायला हवी. म्हणजे तेल बनवणाऱ्याने आणि इंजिन बनवणाऱ्याने एकमेकांशी जुळवून घेतलं आहे ते १०० अंशांच्या आसपास. नेहमीच्या ५डब्ल्यू-४० तेलाची दाटी ४० अंशांना साधारण ८५ सेंटिस्टोक असते, आणि ६० अंशांनाही १०० अंशांच्या जवळपास तिप्पट. इतकं दाट तेल पंपाला ढकलावं लागतं तेव्हा दाब वाढतो, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेलाचा काही भाग बेअरिंगकडे न जाता माघारी वळतो. गेजवर दाब भरपूर दिसतो म्हणून मालक खूश असतो, आणि बेअरिंगला मिळणारं तेल मात्र कमी झालेलं असतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, विशेषतः आपल्या किनाऱ्यावर. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. हे दहावीचं रसायनशास्त्र आहे. त्यातलं बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांना चुकवून चेंबरमध्ये उतरते. तिच्याबरोबर न जळलेलं पेट्रोलही उतरतं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत ते जास्त उतरतं. तेल नीट तापलं तर हे दोन्ही उडून जातात आणि ब्रीदरवाटे पुन्हा सिलिंडरमध्ये ओढले जातात. तेल ६०-७० अंशांवरच अडकलं तर दोन्ही तेलातच मुरतात: पेट्रोलने तेल पातळ होतं, पाण्याने आम्ल आणि गाळ बनतो. झीज रोखणारं जे जस्तयुक्त रसायन तेलात घातलेलं असतं, त्याचा थर धातूवर नीट धरायलाही उष्णता लागते.

आता जुलै महिना डोळ्यांसमोर आणा. बाहेर २६-२७ अंश, धो धो पाऊस, हवा दमट. अलिबागहून पोयनाडपर्यंत किंवा श्रीवर्धनहून दिवेआगरपर्यंत जाऊन येणं, एवढाच रोजचा प्रवास. रेडिएटरचं पाणी लवकर तापतं, पण तेलाला त्याच्या दुप्पट तरी वेळ लागतो. त्यात बंपरमागे थर्मोस्टॅट नसलेला मोठा कूलर लावलेला, आणि पावसाचे फवारे थेट त्याच्यावर. हे तेल तापणार कधी? मग तेलाचं झाकण उघडलं की आतून पांढरट मलई दिसते, आणि ‘हेड गॅस्केट गेलं’ म्हणून इंजिन खोलायची तयारी सुरू होते. गॅस्केट शाबूत असतं. तेलाला तापायलाच दिलं नव्हतं, एवढंच. निष्कारण खोललेलं इंजिन पाहिलं की मला खरोखर राग येतो, कारण मालकाने पैसे चांगल्या हेतूने खर्च केलेले असतात.

‘पण घाटाचं काय?’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. म्हणून रायगड जिल्ह्यातून सुरू होणारा कठीण चढ घेऊ: पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. अंतर सुमारे ४० किलोमीटर, चढ साधारण १,३०० मीटर. माणसं-सामानासकट गाडी १,६०० किलो धरली, तर ती एवढी उंच उचलायला लागणारी ऊर्जा सुमारे पावणेसहा किलोवॉट-तास होते. महावितरणच्या बिलावर आपण ज्याला युनिट म्हणतो, तशी सहा युनिटंसुद्धा नाहीत. तासाभरात चढलात तर सरासरी सहा किलोवॉटची ताकद. टायरचा आणि वाऱ्याचा विरोध, एसी, प्रत्येक वळणावर ब्रेक लावून पुन्हा उचललेला वेग, हे सगळं धरलं तरी सरासरी बारा-पंधरा किलोवॉटच्या पुढे जाणं कठीण. दीड लिटरच्या दीडशे पीएस इंजिनाची ताकद ११० किलोवॉट असते. म्हणजे घाटात इंजिन ओरडत असतं, तेव्हाही त्याच्या क्षमतेचा मोठा भाग रिकामाच असतो. वेग कमी असल्याने वारा कमी मिळतो हे खरं, पण त्यासाठी रेडिएटरचा पंखा आहे. घाटात गाडी तापत असेल तर आधी कूलंट, थर्मोस्टॅट, पंखा आणि चिखलाने भरलेला रेडिएटर तपासा. तिथे ऑइल कूलर लावणं म्हणजे मूळ दुखणं झाकून ठेवणं.

ऑइल कूलरची खरी गरज पडते ती रेसट्रॅकवर. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक घ्या. तिथे पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रात इंजिन बराच वेळ पूर्ण ताकदीने आणि चढ्या आरपीएमवर चालतं. पिस्टनच्या बुडाशी फवारलेलं तेल, टर्बोच्या बेअरिंगमधून आलेलं तेल, क्रँकच्या फटीत घासलेलं तेल, सगळं एकाच चेंबरमध्ये जमतं आणि काटा १३०-१४०कडे सरकतो. रीमॅप करून ताकद वाढवलेली गाडी घेऊन तुम्ही ट्रॅकवर जात असाल, तर कूलर जरूर लावा. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होतात तशा ड्रॅग शर्यतींसाठी मात्र त्याचा उपयोग नाही, कारण पाव मैलाच्या पंधरा सेकंदांत तेल तापत नाही.

‘पल्सर २२० ला कंपनीने कूलर दिला, रॉयल एनफिल्डच्या ६५० लाही आहे, मग माझ्या गाडीला का नाही?’ त्या इंजिनांभोवती पाण्याचं जॅकेट नाही. हवा आणि तेल यांनाच उष्णता वाहून न्यावी लागते. तुमच्या गाडीत ते काम मुख्यतः पाणी करतं. आणि ‘कंपनीने दिला नाही’ हे तरी कुठे खरं आहे? बहुतेक आधुनिक टर्बो इंजिनांत ऑइल फिल्टरजवळ एक लहानसा चौकोनी ठोकळा असतो. त्यात एका बाजूने तेल आणि दुसऱ्या बाजूने कूलंट फिरतं. ऑक्टाव्हिया व्हीआरएसच्या दोन लिटर इंजिनात तो फिल्टरच्या ब्रॅकेटवरच बसवलेला असतो. हा ठोकळा सकाळी तेलाला लवकर तापवतो आणि नंतर त्याला मर्यादेत ठेवतो. बाहेरून लावलेला कूलर पहिलं काम करू शकत नाही. म्हणून नवा कूलर बसवताना हा ठोकळा काढून टाकणारा मेकॅनिक भेटला, तर गाडी तिथून हलवा.

आता ज्यांना खरंच लावायचा आहे त्यांच्यासाठी. पहिली अट थर्मोस्टॅटची. फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणारी सँडविच प्लेट थर्मोस्टॅटवाली घ्या. ती साधारण ८०-८५ अंशांना उघडते. तोवर थोडंसंच तेल कूलरमधून जातं, म्हणजे प्लेट उघडल्यावर थंडगार तेलाचा लोंढा एकदम इंजिनात येत नाही. ‘आपल्याकडे थंडी कुठे असते, थर्मोस्टॅट कशाला?’ असं सांगणारे भेटतील. ८० अंशांपुढे आपला उन्हाळाही थंडच आहे. थर्मोस्टॅट नसेल तर कूलर लावू नका, इतकं हे सरळ आहे.

आकाराचा मोह टाळा. रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला स्टॅक्ड-प्लेट जातीचा १३ किंवा १६ रांगांचा कूलर बहुधा पुरतो. २५ रांगांचा कूलर जागा खातो आणि त्याच्यामागच्या एसी कंडेन्सरचा व रेडिएटरचा वारा अडवतो. मग तेल थंड, पाणी गरम आणि एसी बंद अशी स्थिती होते. कूलर शक्यतो बंपरच्या खालच्या जाळीमागे एका बाजूला घ्या, हवा त्याच्यातूनच जावी म्हणून दोन्ही कडांना पत्र्याची वाट करा आणि मागून हवा निघून जायला जागा ठेवा. हवेला बाहेर पडता आलं नाही तर ती आतही शिरत नाही. कूलरला पाइप जोडायची तोंडं वर किंवा आडवी ठेवा, म्हणजे आत हवा कोंडत नाही.

पाइपांबाबत तडजोड नको. थंड इंजिनात तेलाचा दाब सहा-सात बारपर्यंत जाऊ शकतो. पाण्याचा रबरी पाइप आणि स्क्रूचा क्लॅम्प तिथे टिकत नाही. पाइप निसटला तर काही सेकंदांत चेंबर रिकामं होतं आणि इंजिन जागच्या जागी जाम होतं. एएन-१० मापाचे तेलासाठीचे पाइप आणि त्यांचेच फिटिंग वापरा, एक्झॉस्टपासून लांब न्या, घासतील तिथे रबरी अस्तराचे क्लॅम्प लावा. बसवल्यावर तेल अर्धा ते एक लिटर जास्त लागतं. इंजिन चालवून, बंद करून, थोडं थांबून डिपस्टिक पुन्हा पाहा. दुसऱ्या गाडीवरचा जुना कूलर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्या गाडीच्या बेअरिंगचा चुरा त्याच्या फटींत अडकलेला असू शकतो आणि तो धुऊन पूर्ण निघत नाही. कूलरने हॉर्सपॉवर वाढत नाही. त्याच्या जोडीला २०डब्ल्यू-५० भरणंही चूक, कारण दाट तेल घासून जास्त तापतं. आणि वॉरंटी चालू असेल तर आधी पुस्तिका वाचा.

किनाऱ्याचा प्रश्न वेगळाच आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमची पाती पांढरी भुकटी होऊन झडतात. जिथे स्टीलचा बोल्ट किंवा जाळीचा पाइप अॅल्युमिनियमला टेकतो, तिथे अॅल्युमिनियम आणखी लवकर खाल्लं जातं. समुद्राकाठी राहत असाल तर कूलर दर आठवड्याला गोड्या पाण्याने, साध्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारलात तर पाती मुडपतात. मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे आणि गावोगावचे गतिरोधक पाहता तो बंपरच्या तळाशी उघडा ठेवू नका. पुढे दगड अडवणारी जाळी हवीच.

२०२५च्या सुरुवातीला रेवदंड्याच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेली फेरारी बैलगाडीने ओढून काढल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. वाळूत चाकं फिरत राहतात, इंजिन ओरडत राहतं आणि गाडी जागची हलत नाही. वारा मिळत नसल्याने अशा वेळी समोरच्या जाळीमागचा कूलर फारसं काही करू शकत नाही, आणि त्याच्या पात्यांत ओली वाळू भरते ती वेगळीच. किनारा गाड्यांसाठी नाही, कासवांसाठी आणि माणसांसाठी आहे. गाडी वाळूत घालू नका.

कूलर घेण्याआधी तेलाच्या तापमानाचा खरा सेन्सर आणि गेज बसवून घ्या. मे महिन्यात, एसी चालू ठेवून, भरलेली गाडी आंबेनळीतून किंवा माणगावहून ताम्हिणीतून वर न्या. काटा १२०च्या आत राहिला तर तुमच्या गाडीला ऑइल कूलर नको. ते पैसे ब्रेक ऑइल, चांगले टायर आणि वेळेवर तेल बदलण्यावर घाला.